शाळेत गाडी शिकवली तर अपघात कमी होतील का?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की, शाळेत ड्रायव्हिंगचा अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे मूल सुरक्षित चालक झालं, असं कुणीही गृहीत धरू नये. त्यावर पुष्कळ पत्रं आली. काही चिडलेली, काही काळजीतली. त्यांतली निवडक इथे घेते.

प्रश्न : ताई, मी आमच्या शाळेच्या पालक समितीवर आहे. वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी ड्रायव्हिंगचा अभ्यासक्रम सुरू करावा, असा प्रस्ताव आमच्यापुढे आहे. वर्गात नियम शिकवायचे, मग सिम्युलेटर (गाडी चालवल्याचा आभास देणारं यंत्र), थोडं प्रत्यक्ष ड्रायव्हिंग. अभ्यासक्रम पुरा करणाऱ्याला लायसन्स लवकर मिळावं, अशी मागणीही सोबत आहे. तुमचं लिखाण वाचून मी गोंधळात पडलो. शिकलेला मुलगा न शिकलेल्यापेक्षा बरा, एवढं तरी खरं ना?

उत्तर : तसं वाटणं साहजिक आहे. मलाही ते खरं असायला हवं होतं, कारण गाडी शिकवणं हाच माझा पेशा. शिकाऊ मुलांच्या शेजारच्या सीटवर, जादा बसवलेल्या ब्रेकवर पाय ठेवून माझी बरीच वर्षं गेली आहेत. पण ज्यांनी हे नीट मोजून पाहिलं, त्यांच्या हाती वेगळंच लागलं, आणि ते समितीपुढे यायला हवं.

शाळेत गाडी शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्टेट कॉलेज या गावी अ‍ॅमॉस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकांनी १९३० च्या दशकात हायस्कुलातल्या मुलांना स्वतःची गाडी वापरून धडे द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत हा विषय अमेरिकेतल्या असंख्य शाळांत गेला. त्या काळातल्या पाहण्यांत अभ्यासक्रम केलेल्या मुलांचे अपघात कमी दिसत, त्यामुळे सगळे खूश होते. अडचण अशी की, तो विषय आपणहून निवडणारी मुलं बहुधा मुळातच सावध स्वभावाची होती. त्यांचे अपघात शिकवण्यामुळे कमी झाले की स्वभावामुळे, हे त्यावरून कळायला मार्ग नव्हता.

ते कळावं म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत मोठा प्रयोग झाला. सोळा हजारांहून जास्त विद्यार्थी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला त्या वेळी सर्वोत्तम समजला जाणारा अभ्यासक्रम दिला : वर्गातले तास, सिम्युलेटर, बंद मैदानावरचा सराव, ऐनवेळी टक्कर चुकवण्याचा सराव, आणि प्रत्यक्ष रस्ता. दुसऱ्या गटाला लायसन्स मिळण्यापुरतं जुजबी शिकवलं. तिसऱ्या गटाला शाळेने काहीच शिकवलं नाही. ती मुलं घरच्यांकडून किंवा बाहेर शिकली.

सर्वोत्तम अभ्यासक्रम केलेल्यांपैकी ज्यांनी लायसन्स काढलं, त्यांचे अपघात पहिले सहा महिने थोडे कमी होते. त्यानंतर फरक पुसला गेला. पुढे काही संशोधकांनी त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिलं. त्यांनी फक्त लायसन्सवाले न मोजता गटातली सगळी मुलं मोजली. तेव्हा दिसलं की, अभ्यासक्रम केलेल्या मुलांनी लायसन्स लवकर काढलं, ती लवकर रस्त्यावर आली आणि त्या गटात अपघात होण्याचं प्रमाण उलट जास्त निघालं.

कनेक्टिकट राज्याने १९७६ मध्ये शाळांतल्या या विषयाचं अनुदान बंद केलं, तेव्हा हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसली. काही ठिकाणच्या शाळांनी विषयच सोडून दिला. तिथे सोळा-सतरा वर्षांची बरीच मुलं लायसन्स काढायला थांबली आणि त्या वयोगटाचे अपघात घटले. २००१ साली इयन रॉबर्ट्स आणि आयरीन क्वान यांनी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधले असे तीन काटेकोर प्रयोग एकत्र तपासले. शाळेतल्या प्रशिक्षणाने अपघात कमी होतात याचा पुरावा मिळाला नाही; त्याने लायसन्स लवकर काढलं जातं, याचा मिळाला.

म्हणून तुमच्या प्रस्तावातला माझा आक्षेप शिकवण्याला नाही, ‘लायसन्स लवकर मिळावं’ या ओळीला आहे. ती ओळ आधी खोडा. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने १९९४ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली. त्यात पहिला टप्पा बारा महिन्यांचा होता, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला की तो आठ महिन्यांवर यायचा. ही सवलत म्हणजे चांगल्या वागणुकीचं बक्षीस, असा सगळ्यांचा समज. प्रत्यक्षात सवलत घेतलेल्या मुलांचे पुढच्या टप्प्यातले अपघात, सवलत न घेतलेल्यांपेक्षा जास्त निघाले. जे चार महिने कुणीतरी जाणतं शेजारी बसून जायला हवे होते, तेच कापले गेले होते.

असं का व्हावं? डीकाल्बच्या त्या उत्तम अभ्यासक्रमाचे तास पाहा. एकूण सत्तरएक तासांत खऱ्या रस्त्यावरचं ड्रायव्हिंग होतं सव्वातीन तासांच्या आसपास, आणि रात्रीचं तर जेमतेम वीस मिनिटं. गाडीवर हात बसायला फार दिवस लागत नाहीत. क्लच सोडणं, वळणावर स्टिअरिंग फिरवणं, रिव्हर्स घेऊन गाडी लावणं हे चुणचुणीत मूल पटकन शिकतं, आणि ते शिकलं की घरच्यांना वाटतं झालं, आला गाडी चालवायला. नजर तयार व्हायला मात्र महिनोन् महिने लागतात. मूरंट आणि रॉकवेल या दोघांनी १९७२ मध्ये चालकांच्या डोळ्यांची हालचाल टिपून पाहिली होती. नवशिक्यांची नजर गाडीच्या पुढ्यातल्या जवळच्या रस्त्यावर खिळलेली असायची आणि आरशाकडे ती फार कमी वळायची. मुरलेला चालक लांबवर पाहतो आणि त्याचे डोळे सतत फिरते असतात. माझ्या शेजारी बसलेल्या प्रत्येक नवशिक्यात मी हेच पाहते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. तुमचा मागचा लेख वाचून वाईट वाटलं. शिकवून काही उपयोग नाही, असं एखादी शिकवणारीच कसं लिहू शकते? शिवाय नेब्रास्कातला अलीकडचा मोठा अभ्यास तुमच्या विरोधात जातो, त्याचा तुम्ही उल्लेखसुद्धा केला नाहीत.

उत्तर : बाई, उल्लेख व्हायला हवा आणि आज तो करते. नेब्रास्का राज्यात मुलांना दोन वाटा होत्या. एकतर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम करायचा, नाहीतर मोठ्या माणसासोबत पन्नास तास गाडी चालवून त्याची नोंदवही भरून द्यायची. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड लाखाहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. अभ्यासक्रम केलेल्यांचे अपघातही कमी होते आणि नियमभंगाचे दंडही. मुलगा की मुलगी, घरचं उत्पन्न, राहणं शहरात की खेड्यात, हे फरक हिशेबात धरूनही निष्कर्ष टिकला.

मी या अभ्यासाला मान देते. तरी दोन गोष्टी सांगते. एक, इथेही वाट मुलांनी आणि पालकांनी स्वतःच निवडली होती, चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते : नेब्रास्कात त्या वेळी टप्प्यांची लायसन्स पद्धत होती. म्हणजे अभ्यासक्रम केला तरी पूर्ण मोकळीक लगेच मिळत नव्हती. डेन्मार्कने १९८६ मध्ये शिकवण्याची पद्धत बदलून धोका ओळखण्यावर आणि सांभाळून चालवण्यावर भर दिला, तेव्हा तिथेही नवशिक्यांचे अपघात कमी झाले. मला यातून कळतं ते असं की, शिकवण्याचा उपयोग होतो, पण काय शिकवलं आणि त्यानंतर लगेच किती मोकळं सोडलं, यावर तो ठरतो. शिकवून उपयोग नाही असं मी म्हणत नाही. तसं वाटत असतं तर मी हे काम केव्हाच सोडलं असतं.

प्रश्न : माझ्या मुलीला नुकतं लायसन्स मिळालं. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तर सावरायची कशी, अचानक जोरात ब्रेक कसा मारायचा, हे शिकवणारं एक दिवसाचं शिबिर आहे. खर्च जास्त आहे, पण जिवापुढे पैशांचं काय! पाठवू ना?

उत्तर : दादा, पैसे राहू द्या आणि तो दिवस तिच्यासोबत पावसात गाडी चालवण्यात घालवा.

ऐकायला विचित्र वाटेल, पण या प्रकारच्या प्रशिक्षणाचा अनुभव चांगला नाही. नॉर्वेने १९७९ पासून नवशिक्यांना निसरड्या रस्त्यावरचा सराव सक्तीचा केला. पुढे मोजून पाहिलं, तर तरुण मुलग्यांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढले होते. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये एक छोटा, पण मला फार बोलका वाटणारा प्रयोग प्रसिद्ध केला. शिकाऊ मुलांचे दोन गट केले. एका गटाला निसरड्यावर ब्रेक मारून अडथळा चुकवण्याचं कसब शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच ट्रॅकवर, असल्या प्रसंगी आपलं कसब किती तोकडं पडतं, हे अनुभवू दिलं. काही दिवसांनी दोन्ही गटांना विचारलं, तुम्हाला हे किती जमेल? कसब शिकलेल्या गटाने स्वतःला बरंच वरचं ठरवलं. प्रत्यक्ष चाचणीत मात्र दोन्ही गट सारखेच निघाले. म्हणजे एका दिवसात वाढला तो नुसता भरवसा.

रस्ता निसरडा आहे, आणि मला घसरलेली गाडी सावरता येते असं वाटतं, मग मी वेग कमी करणार नाही. जिला येत नाही ती करेल. तुमच्या मुलीला दुसरीसारखं वागता आलं तर ती गाडी घसरण्याची वेळच शक्यतो येऊ देणार नाही. पावसात तिच्याशेजारी बसा. पुढच्या गाडीपासूनचं अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवायला सांगा. मोकळ्या, रिकाम्या जागी हळू वेगात ब्रेक लावून ओल्यात गाडी किती लांब जाऊन थांबते, ते तिला स्वतः पाहू द्या. मुलं ते पाहून गप्प होतात, आणि त्यानंतर अंतर ठेवा म्हणून वेगळं सांगावं लागत नाही.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत एकही चूक न करता पास झाले. तरी आईबाबा रात्री गाडी देत नाहीत आणि मैत्रिणींना बसवू देत नाहीत. वर शेजारच्यांचं उदाहरण देतात, ज्यांच्या मुलाने पहिल्याच महिन्यात गाडी ठोकली. माझ्यावर विश्वास नाही असं वाटतं. तुम्ही त्यांना समजवाल का?

उत्तर : बाळा, मी त्यांच्या बाजूने आहे. पण ‘आम्ही सांगतो म्हणून ऐक’ असं तुला कुणी म्हणू नये, म्हणून कारण सांगते. मग तूच ठरव.

तुझी परीक्षा घेताना परीक्षक शेजारी होते. तू सावध होतीस, उजेड होता, गाडीत गाणं-गप्पा नव्हत्या. शेजारी मोठं माणूस असेपर्यंत शिकाऊ मुलांचे अपघात अगदी थोडे होतात. लायसन्स हातात येऊन ती एकटी निघाली की आकडा एकदम उसळतो, आणि सगळ्यात उंच असतो तो पहिल्या महिन्यात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की, पहिल्या सहा-सात महिन्यांत हे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरतं. शेजारच्या मुलाचं म्हणजे काही जगावेगळं नव्हतं. तुझ्याइतक्याच हुशार मुलांचं हे होतं, परीक्षेत पहिल्या आलेल्यांचंसुद्धा.

आता मैत्रिणींचं. अमेरिकेत जीवघेण्या अपघातांच्या नोंदींवरून २००० साली एक हिशेब मांडला गेला. गाडी चालवणारं मूल सोळा वर्षांचं असेल आणि सोबत कुणी नसेल, त्या मानाने सोबत तीन किंवा जास्त जण असताना त्याच्या मरण्याचा धोका जवळजवळ पावणेतीन पट होतो. सतरा वर्षांच्यांचंही असंच. तुझ्या मैत्रिणी वाईट आहेत म्हणून नाही गं. मागून कुणी काही दाखवतं, कुणी हसतं, तू एक क्षण आरशातून तिच्याकडे बघतेस. मुरलेल्या चालकाचं निम्मं काम सवयीने होत असतं, त्याला तो क्षण परवडतो. तुला अजून प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते आहे.

आईबाबांशी वर्षभराचा नाही, सहा महिन्यांचा करार कर. कागदावर लिही. पहिले तीन महिने अंधार पडल्यावर गाडी नाही आणि सोबत घरचं माणूस सोडून कुणी नाही. मग एक मैत्रीण. मग रात्रीचा एखादा ओळखीचा रस्ता, बाबा शेजारी. काय केल्यावर कोणती मोकळीक मिळणार, तेही त्यात येऊ दे, म्हणजे रोजची वादावादी संपेल. असे करार अमेरिकेत ‘चेकपॉइंट्स’ नावाच्या कार्यक्रमात आईवडील आणि मुलांकडून करून घेतले गेले आहेत, आणि तिथे घरच्यांनी बंधनं जास्त काळ टिकवली. न्यूझीलंडने तर हीच बंधनं १९८७ मध्ये कायद्यात घातली : सुरुवातीच्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी नाही, आणि जाणता चालक शेजारी नसेल तर इतर कुणालाही बसवायचं नाही. त्यानंतर तिथल्या किशोरवयीन जखमींची संख्या घटली. पुढे ही पद्धत अनेक ठिकाणी उचलली गेली. तुझे आईबाबा काही वेगळं करत नाहीयेत.

प्रश्न : सिम्युलेटरवर पैसे घालावेत का? आमच्या मंडळाला एक देणगीदार मिळाला आहे.

उत्तर : स्टिअरिंग-ब्रेकची सवय करायची असेल तर नको, ते गाडीतच चांगलं होतं. धोका ओळखायला शिकवणारा कार्यक्रम असेल तर विचार करा, पण त्यासाठी महागडं यंत्र लागतच नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात साध्या संगणकावर चालणारा असा कार्यक्रम तयार झाला. ट्रकआडून, झुडपामागून काय येऊ शकतं, ते मुलांनी चित्रांवर शोधायचं. अर्ध्या तासाच्या आत उरकणारा. कॅलिफोर्नियात हजारो नवशिक्यांवर तो वापरून पाहिला तेव्हा मुलग्यांचे अपघात कमी झाले, मुलींमध्ये मात्र फरक दिसला नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून परीक्षेतच व्हिडिओ दाखवून धोका ओळखण्याची चाचणी घेतली आहे. देणगीतून एक प्रोजेक्टर घ्या आणि उरलेल्या पैशांतून मुलांना जाणत्या माणसासोबत रस्त्यावर नेता येईल, अशी सोय करा.

प्रश्न : मी स्वतः गाडी शिकले नाही. मुलगा शिकतो आहे, त्याचे वडील कामानिमित्त बाहेर असतात. सरावाला शेजारी बसायला त्याचा मामा येतो, मी मागे बसते. मागे बसून नुसती देवाचं नाव घेते. मला काही करता येईल का? आणि किती सराव पुरे?

उत्तर : ताई, तुम्हाला करता येण्यासारखं भरपूर आहे, कदाचित मामांपेक्षाही जास्त.

आधी सरावाचं सांगते. स्वीडनने १९९३ मध्ये शिकाऊ वय साडेसतरावरून सोळावर आणलं. लायसन्सचं वय अठराच ठेवलं. म्हणजे मुलांना लवकर मोकळं सोडलं नाही, फक्त शेजारी मोठं माणूस बसवून सराव करायला जास्त अवधी दिला. ज्यांनी त्याचा फायदा घेतला त्यांचा सराव सरासरी एकशेवीस तासांच्या आसपास गेला. इतरांचा चाळीस-पन्नास तासांच्या आतबाहेर होता. लायसन्सनंतर या जास्त सराव केलेल्यांचे अपघात ठळकपणे कमी झाले. त्यांत मुळात शिस्तीची घरं जास्त असतील, हे संशोधकांनीही मान्य केलं आहे. तरी मला विचाराल तर शंभर तास डोळ्यांसमोर ठेवा. आठवड्याला दोन तास म्हटले तरी वर्ष जातं, आणि जाऊ द्यावं. त्यात पाऊस यायला हवा, अंधार यायला हवा, गर्दी आणि मोकळा महामार्ग दोन्ही यायला हवेत. एकाच ओळखीच्या रस्त्यावर शंभर तास घालवून काही होत नाही.

आता तुमचं काम. मुलाला सांगा, गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलत जा. ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ नाही. जे काही घडू शकतं ते. मी वर्गात नाही, रस्त्यावर हेच शिकवते. सुरुवातीला मूल म्हणतं, ‘सिग्नल हिरवा आहे. पुढे लाल गाडी आहे.’ एवढंच. गाडीच्या पुढ्यातलं. मग मी विचारते, त्या थांबलेल्या बसच्या खाली बघ, काय दिसतं? बस आणि रस्ता यांच्यामधल्या फटीतून पलीकडची पावलं दिसतात. चालणारी दिसतात की थांबलेली, कुठल्या दिशेला वळलेली, मोठी की लहान. त्या पावलांचं मूल दोन सेकंदांत बसच्या पुढून बाहेर येणार आहे. एकदा का बसखालची पावलं पाहायची सवय लागली की मूल बस दिसताच आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवतं. ब्रेक दाबायचा नाही, तयार राहायचं. पाय उचलून ब्रेकवर नेण्यात जाणारा वेळ वाचतो, आणि तेवढ्याने गाडी अलीकडे थांबते.

असंच, कडेला लावलेल्या गाड्यांची रांग असेल तर आत बसलेलं डोकं दिसतं का ते पाहायचं, कारण दार उघडू शकतं. पुढची चाकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतील तर ती गाडी निघण्याच्या बेतात आहे. चेंडू रस्त्यावर आला तर मागून मूल येणार, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एखादं मूल मोठ्याचा हात सोडून पळत आलं तर मागून त्याला ओरडत मोठं माणूस येणार, हे विसरतात.

यासाठी तुम्हाला गाडी यायला लागत नाही. उलट तुम्ही रस्त्यावरून पायी फिरता, चालणाऱ्याला काय दिसतं आणि कशाची भीती वाटते हे तुम्हाला मुलापेक्षा जास्त ठाऊक आहे. मागे बसून देवाचं नाव घ्या, पण अधूनमधून विचारा : ‘आता सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते तुला?’ उत्तर मिळालं नाही तर ओरडू नका. मुलगा घाबरला की त्याची नजर पुन्हा पुढ्यात येते. पुढच्या वळणानंतर तोच प्रश्न परत विचारा. मामा बोलत असतील तेव्हा तुम्ही थांबा, दोघांनी एकदम सूचना दिल्या की मूल कुठलीच ऐकत नाही.

आणि गाडीतून उतरण्याआधी, इंजिन बंद करून पाच मिनिटं बसा. आज कुठे थोडक्यात वाचलो, हे त्याला सांगू द्या. तुम्ही आधी बोलू नका. पहिल्या काही वेळा तो म्हणेल, ‘कुठेच नाही, मस्त चालवली.’ महिन्याभराने तो स्वतःहून म्हणायला लागेल, ‘त्या वळणावर मी पलीकडचं न बघताच निघालो होतो.’ तेव्हापासून रात्रीच्या सरावाला सुरुवात करायला हरकत नाही. आधी ओळखीचा, दिवाबत्ती असलेला रस्ता घ्या आणि मामांना समोरच्या गाडीचे हेडलाइट डोळ्यांवर आले की नजर रस्त्याच्या कडेच्या रेषेकडे कशी न्यायची, ते त्याला करून दाखवायला सांगा.